आधी मोजा, मग आखा

मंडळी, पोस्ट लांब आहे, पण पूर्ण वाचा. आपल्या गावाचा पुढच्या वीस वर्षांचा नकाशा ठरतोय.

विकास आराखड्याचं काम सुरू आहे. मागच्या आठवड्यात अस्तित्वातील जमीन वापराचा नकाशा बघायला गेलो. गावठाण, बाजारपेठ, शाळा, स्मशानभूमी, सगळं रंगवून ठेवलंय. आणि बायपासच्या पलीकडचा अख्खा माळ? त्यावर दोनच शब्द : ‘रिकामी जागा’.

रिकामी? ज्याने कुणी हे लिहिलं, त्याने पहाटे साडेपाचला तिथं एकदा जाऊन यावं. खोकडाची बिळं आहेत. चिंकारा आहे. हिवाळ्यात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी हजारो किलोमीटरवरून येऊन याच गवतात रात्री उतरतात. आणि लांडगा आहे. मेंढरं चारणाऱ्या कुठल्याही धनगराला विचारा, तो कळप कुठून येतो आणि कुठल्या ओघळीतून जातो ते बोट दाखवून सांगेल. लांडगा आणि चिंकारा दोघेही 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. पण वाघाला जंगल आहे. लांडग्याच्या घराला आपण पडीक म्हणतो.

मग मी जैवविविधता नोंदवही मागितली. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती हवी आणि लोकांना विचारून केलेली नोंदवही हवी. वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही. शेवटी हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत दिली, नाहीतर दरमहा 10 लाख रुपये भरा अशी राज्यांना तंबी दिली. मग धावपळ. आपलीही वही त्याच घाईतली दिसते. आपल्या तालुक्यात कधी न उगवलेली झाडं तिच्यात आहेत. लांडगा मात्र नाही! वही कपाटात, नकाशा टेबलावर, आणि दोघांची आजवर गाठभेट नाही.

आता नेहमीचा प्रश्न येईलच : “लांडग्यासाठी गावाचा विकास अडवायचा का?”

नाही. उलट सांगतो. न मोजता रेघा ओढल्या की माणसाचंही वाटोळं होतं, हे आपल्या भागाइतकं कुणी भोगलेलं नाही. 1979 साली माळढोक अभयारण्य झालं, सुमारे 8,496 चौरस किलोमीटर. सोलापूर आणि तेव्हाच्या नगर जिल्ह्यातले मोठमोठे पट्टे एका फटक्यात आत गेले, वस्त्या-वावरांसकट. पक्षी नेमका कुठे अंडी घालतो, कुठे चरतो याला धरून ती हद्द आखलीच नव्हती. लोकांचे जमिनीचे व्यवहार अडकले, चीड साचली, ती पक्ष्यावर निघाली. पुढे ते क्षेत्र छाटून सुमारे 1,222 चौरस किलोमीटर करावं लागलं. तोवर माळढोक जवळजवळ संपला होता. शेतकरीही पोळला, पक्षीही गेला.

तेव्हा जंगलाच्या नावाने आंधळी रेघ ओढली, आता विकासाच्या नावाने ओढतायत. आंधळेपणा तोच.

मोजणी केली तर काय होईल? कदाचित नव्वद टक्के माळावर हरकतच निघणार नाही. उरलेल्या जागी रस्ता जरा सरकवावा लागेल, ओढ्याच्या दोन्ही काठांचा पट्टा मोकळा ठेवावा लागेल. तो पट्टा जनावराची वाट आहे आणि पुराचीही. 2019 च्या सप्टेंबरात पुण्यात आंबिल ओढ्याने काय केलं ते टीव्हीवर पाहिलंच आहे आपण.

यासाठी परदेशी सल्लागार नको. हिवाळा, उन्हाळा, पावसाळा अशा तीन फेऱ्या करा. कॉलेजची पोरं, दोन जाणकार पक्षीनिरीक्षक, चार मेंढपाळ आणि थोडे कॅमेरे. ठसे, विष्ठा, बिळं, घरटी यांची नोंद गट नंबरवार करा आणि ती आराखड्याच्या नकाशावर चढवा. नगररचना कायदा 1966 चा आहे. त्याच्या कलम 25 मध्ये आधी जमिनीची पाहणी सांगितली आहे, कलम 22 मध्ये नैसर्गिक महत्त्वाच्या जागा जपण्याची तरतूद आहे. आम्ही जगावेगळं काही मागत नाही.

यात कुणाचे प्लॉट आहेत, कुणाच्या जमिनीला रस्ता हवाय, हे गावाला माहीत आहे. मीही ओळखून आहे. पण मोजणीला विरोध करणाऱ्याने एवढंच सांगावं : माळ खरंच रिकामा असेल, तर मोजायला भीती कसली?

आता तुमचं काम. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतीला 30 दिवस मिळतात. नंतर बोंब मारून उपयोग नाही. आजपासून तयारी करा. माळावर, ओढ्याकाठी काय दिसलं, तारीख, गट नंबर, फोटो. हरकत लेखी द्या, आवक शिक्क्याची पोच घ्या. फक्त बिळांची नेमकी जागा इथं कमेंटमध्ये टाकू नका, शिकारीवालेही फेसबुक वाचतात. ती मला मेसेज करा.

लांडगा हरकत नोंदवायला येणार नाही. आपल्यालाच जावं लागेल.