ताटातील सोवळे आणि देहाचे शास्त्र



ब्रिटनमध्ये येऊन आपल्या समाजाने घरे घेतली, मुलांना उच्च शिक्षण दिले, विहारांसाठी वर्गणी उभी केली. ही वाटचाल अभिमानास्पद आहे. तथापि दरवर्षी जयंतीच्या सभागृहात भाषणे संपून जेवणाची रांग लागते, तेव्हा आम्हांला एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. सोवळ्या-ओवळ्याची जी कल्पना आपण नागपूरला टाकून दिली, ती आपल्या स्वयंपाकघरात पुन्हा कशी शिरली?

कार्यक्रमाचे जेवण ‘शुद्ध शाकाहारी’च असावे, असा आग्रह अलीकडे काही मंडळी धरू लागली आहेत. सभागृहात सुकटीचा वास नको, पाहुणे काय म्हणतील, मुलांच्या मित्रमैत्रिणींना काय वाटेल, अशी कारणे पुढे केली जातात. मग त्या शुद्ध ताटात काय वाढले जाते? मैद्याच्या पुऱ्या, तुपाळ पुलाव, बटाट्याची भाजी, पाकात बुडालेले गुलाबजाम आणि सोबत शीतपेयाचा डबा. या ताटाला प्रतिष्ठा आहे, पण पोषण फारसे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

देहाचा हिशेब साधा आहे. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा प्रथिने सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा देतात, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ ९. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला पन्नासेक ग्रॅम. पुरी-पुलावाने पोट भरते, परंतु प्रथिनांची गरज भागत नाही. नेहमीच्या गोड कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या एका डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. ब्रिटनमध्ये प्रौढांसाठी अशा साखरेची दिवसाची मर्यादा ३० ग्रॅम सांगितली आहे. म्हणजे गुलाबजाम तोंडात जाण्यापूर्वीच ती ओलांडली जाते.

आता ज्या अन्नाची लाज वाटते, त्याकडे पाहू. सुक्या बोंबलाच्या वजनात निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. काळजात लोह, अ जीवनसत्त्व आणि बी-१२ यांचा मोठा साठा असतो (गर्भवतींनी मात्र अ जीवनसत्त्वाच्या अतिरेकामुळे ते टाळावे). बी-१२ निसर्गतः प्राणिजन्य अन्नातूनच मिळते. मांसातील लोह भाजीतील लोहापेक्षा सहज शोषले जाते. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदुळजा, घोळ, पाथरी, टाकळा या बांधावरच्या भाज्या आपल्या आज्या फुकट खुडून आणीत. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले आणि ज्वारी-बाजरीला जगभर मान मिळाला. ज्यांच्या चुलीवर ती भाकरी पिढ्यान्‌पिढ्या भाजली गेली, त्यांच्याच नातवंडांना तिचे नाव घ्यायला संकोच वाटावा, हे आम्हांला सहन होत नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक लिहून मराठवाड्यातील दलितांच्या स्वयंपाकाला ग्रंथात स्थान दिले. आपल्या घरांत त्याला ताटात तरी स्थान मिळावे.

काही जण बाबासाहेबांचा दाखला देतात. १९२७ साली महाडला त्यांनी मृत जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे सोडण्याचा उपदेश केला, हे खरेच आहे. परंतु त्यांचा रोख त्या अन्नामागच्या लाचारीवर होता. विकत घेतलेल्या ताज्या मासळीचा त्या उपदेशाशी काय संबंध? १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात तर त्यांनी गोमांसभक्षणाच्या प्रश्नातूनच अस्पृश्यतेच्या उगमाची मीमांसा केली. अन्नाच्या आधारे माणसाला हीन ठरविण्याची रीत त्यांनी उघडी पाडली. तीच रीत आपण आपल्या माणसांवर चालवावी काय?

तथागतांची शिकवणही येथे स्पष्ट आहे. आमगन्ध सुत्तात दुर्गंध मांसाहाराला चिकटविलेला नाही, तो दुष्कृत्यांना चिकटविला आहे. कोसलचा राजा पसेनदी अति खाऊन धापा टाकीत आला, तेव्हा त्यांनी त्याला भोजनातील मात्रा ओळखण्यास सांगितले आणि राजाने आपला आहार हळूहळू कमी केला. काय खाल्ले यावरून कुळ ठरविणे आपल्या धम्मात बसत नाही. किती खावे याचा विवेक मात्र बसतो. करुणेपोटी जो शाकाहार करतो त्याच्याविषयी आम्हांला आदर आहे. त्याने डाळी-कडधान्ये भरपूर खावीत, जेवताना लिंबू पिळावे, जेवणाबरोबर चहा टाळावा आणि बी-१२ ची सोय करावी, इतकेच.

हा वाद केवळ अस्मितेचा नाही. १९९१ साली लंडनच्या साउथॉल भागातील पाहणीत दक्षिण आशियाई लोकांमध्ये मधुमेहाचे प्रमाण युरोपीय लोकांच्या सुमारे चौपट आढळले. पुण्याजवळच्या ६ खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अध्ययनात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपल्या बाळांत स्नायू कमी होते, चरबी मात्र टिकून होती. त्याच अध्ययनात ज्या माता पालेभाज्या, फळे वारंवार खात होत्या, त्यांची बाळे अधिक वजनाची निघाली. सबब बारीक दिसणारा माणूसही सुरक्षित नाही. ब्रिटनच्या २०१३ च्या मार्गदर्शनानुसार आशियाई लोकांसाठी देहभार निर्देशांक २३ पासूनच धोका वाढतो. स्वतः बाबासाहेबांना मधुमेहाने पोखरले होते. धम्मदीक्षेनंतर दोन महिन्यांच्या आत आपण त्यांना गमावले. त्यांची जयंती साखरेच्या पाकात साजरी करावी, ही विसंगती कोणाला खटकू नये काय?

यावर एक उत्तर दिले जाते आणि ते हृदयाला भिडणारे आहे: ‘ज्यांच्या बापजाद्यांना शिळा तुकडा मिळाला, त्यांच्या पोरांनी गोडधोड का खाऊ नये?’ अवश्य खावे, सणाला खावे. परंतु उपासमारीचा सूड आपल्याच स्वादुपिंडावर उगवून काय साधणार? दुसरे टोकही तितकेच घातक आहे. मांस ही आपली ओळख म्हणून ते रोज ताटभर खाणे शहाणपणाचे नाही. तांबड्या व प्रक्रिया केलेल्या मांसाची मर्यादा येथे दिवसाला ७० ग्रॅम सांगितली आहे, आणि सॉसेज-बेकनसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली कर्करोगकारक ठरविले आहे.

म्हणून पुढील जयंतीसाठी आमची मागणी अशी. ताटात भाकरी, उसळ, पालेभाजी, ताजे फळ असावे. शाकाहारी पदार्थांशेजारी मासळीचे वा कोंबडीचे एक भांडे उघडपणे, झाकून न ठेवता मांडावे. शीतपेयांऐवजी पाणी व ताक ठेवावे. सभागृहात एक टेबल रक्तशर्करेच्या तपासणीसाठी आणि कंबर मोजण्यासाठी राखावे. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर, स्त्रियांची ८० सेंटिमीटर, ही आपल्यासाठी धोक्याची रेषा आहे. इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयाच्या, आधीपासून असे आजार नसलेल्या व्यक्तींना दर ५ वर्षांनी मोफत तपासणी मिळते, ती चुकवू नये. सावळ्या त्वचेच्या लोकांनी ड जीवनसत्त्वाची १० मायक्रोग्रॅमची गोळी वर्षभर घ्यावी, हा येथील शासकीय सल्लाही पाळावा.

अमेरिकेतील २००२ च्या मोठ्या प्रयोगात वजन सुमारे ७ टक्के घटविण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करण्याचे उद्दिष्ट दिलेल्या, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांत मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. म्हणजे हे आपल्या हाती आहे. ‘शिका’ हा आदेश पुस्तकापुरता नव्हता. आपला देह शिकून घेणे हाही त्याचाच भाग आहे. आजीच्या हातची सुकट-भाकर मुलांसमोर ताठ मानेने वाढा आणि ती का चांगली, हेही त्यांना समजावून सांगा.

जयभीम!