माप एकच हवे

सीमावादावरील महाजन आयोगाने 1967 साली बेळगाव म्हैसूरकडेच, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडेच, ठेवावे आणि दक्षिण सोलापूर, अक्कलकोटचा भागही त्याच राज्याला द्यावा असे सुचवले. महाराष्ट्राने अहवाल फेटाळताना धरलेली तत्त्वे आजही पटतात: गाव हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. पण ती बेळगावला लागू असतील, तर अक्कलकोटच्या कन्नडबहुल गावालाही लागू आहेत. 2022 मध्ये कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बोम्मई यांनी अक्कलकोट-सोलापूरवर हक्क सांगितला, तेव्हा सीमेवरची काही गावे पाण्या-रस्त्याच्या दुखण्यापोटी तिकडे जायची भाषा करू लागली. त्यांना फितूर ठरवणे सोपे होते. लोकेच्छा मात्र आपल्याला सोयीची असेल तेव्हाच पवित्र, असे कसे चालेल?

बेळगावात मराठी माणसाची गळचेपी होते, इथे कन्नडिगांची होत नाही, हा आक्षेप वजनदार आहे. बेळगावची वेदना खरीच आहे. म्हणूनच आपला व्यवहार निर्दोष हवा. घटनेचे कलम 350-अ मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगते, ते दोन्ही राज्यांना. असे बोलल्याने महाराष्ट्राचा 2004 पासूनचा सर्वोच्च न्यायालयातला दावा कमकुवत होईल, ही भीती मला पटत नाही. दावा कमकुवत होतो तो दुटप्पीपणाने. 2008 मध्ये कोसोव्होच्या स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या रशियाने त्याच वर्षी अबखाझिया, दक्षिण ओसेशियाला मान्यता दिली. अमेरिकेने नेमके उलट केले. दोघांच्याही तत्त्वांवर त्यानंतर जगाचा विश्वास उरला नाही. तेलुगू विणकर, कन्नड वचनकार सिद्धरामेश्वर आणि मराठी कामगार यांनी घडवलेल्या सोलापूरने एकाच मापाची ही गोष्ट आधी बोलायला हवी.