गव्हाच्या मागे मागे जाणारे घर



शिमगा जवळ आला की पंजाब-हरियाणाकडची मळणीयंत्रे आपल्या गावांतून फिरू लागतात, ती तुम्ही पाहिली असतीलच. एक चालक, एक-दोन मदतनीस, यंत्राच्या सावलीत अंथरलेली ताडपत्री आणि स्टोव्हवर शिजणारी डाळ. आपला गहू काढून ती माणसे पुढच्या गावाला जातात, आणि वैशाखीच्या सुमाराला आपल्या मुलखात परत पोचतात, कारण तिकडचा गहू तेव्हा तयार होतो. त्यांची बायकामुले मात्र गावीच राहतात.

आज मी तुम्हाला अशा लोकांची हकिगत सांगणार आहे, की जे हाच धंदा करतात पण घरही बरोबर घेऊन निघतात. घर म्हणजे अक्षरशः घर. चूल, पाण्याची टाकी, पलंग, संडास, सगळे काही चाकांवर.

अमेरिकेच्या मध्यभागी गव्हाचा मोठा पट्टा आहे. दक्षिणेला टेक्सास, मग ओक्लाहोमा, कान्सास, नेब्रास्का, दोन्ही डाकोटा आणि मोंटाना, आणि त्यापुढे कॅनडाची सरहद्द. सरळ रेषेत मोजले तरी दीड हजार किलोमीटरांच्या वर भरेल. म्हणजे कोल्हापूरहून निघून दिल्ली मागे टाकावी, एवढे. दक्षिणेला ऊन लवकर तापते म्हणून तिथला गहू मे महिन्याच्या उत्तरार्धात पिकतो. जूनमध्ये ओक्लाहोमा आणि कान्सास, जुलैमध्ये नेब्रास्का, ऑगस्टमध्ये डाकोटा आणि मोंटाना, असे पिवळेपण हळूहळू उत्तरेला सरकत जाते. या पिवळेपणाच्या मागे मागे भाड्याने कापणी करणारी कुटुंबे चालत जातात.

आता तुम्ही म्हणाल, तिथला शेतकरी तर श्रीमंत, मग स्वतःचे यंत्र का घेत नाही? पुष्कळजण घेतातच. पण नव्या यंत्राची किंमत आज पाच लाख डॉलरांच्या पुढे गेलेली आहे, आणि एका शेतावर त्याला काम वर्षातून थोडेच दिवस. बाकीचे दिवस ते शेडमध्ये धूळ खाणार आणि बँकेचे व्याज मात्र रोज चालणार. तेच यंत्र चार महिने सहा राज्यांत फिरले तर परवडते.

या धंद्याला मोठी गती मिळाली ती १९४४ साली. महायुद्ध चालू होते, पोलाद मोजूनमापून मिळत होते, शेतावरची तरणी माणसे लढाईवर गेली होती. तेव्हा मॅसी-हॅरिस कंपनीचे जो टकर यांनी सरकारला गळ घातली, की आमच्या वाट्यापेक्षा ५०० यंत्रे जास्त बनवू द्या, ती घेणारा प्रत्येकजण निदान २००० एकर कापून देईल. सरकारने मान्य केले. त्या एका हंगामात या यंत्रांनी दहा लाख एकरांवर गहू काढला, असा हिशोब लागला. त्यानंतर बापाच्या मागे मुलगा आणि मुलाच्या मागे नातू, असा हा धंदा कित्येक घरांत चालत आला आहे. ठरलेले शेतकरीही पिढ्यान् पिढ्या तेच.

मजुरीची रीत ऐकण्यासारखी आहे. दर तीन आकड्यांत सांगतात. समजा, कोणी म्हणाला “पंचवीस-पंचवीस-पंचवीस”. याचा अर्थ एकरी २५ डॉलर. एकरी २० बुशेलच्या वर जेवढे पीक निघेल त्यावर बुशेलमागे २५ सेंट. आणि माल गोदामापर्यंत वाहून नेण्याचे सगळ्या मालावर बुशेलमागे २५ सेंट. गव्हाचा बुशेल सुमारे २७ किलोंचा. एकरी ४० बुशेल, म्हणजे जवळजवळ ११ क्विंटल, उतारा पडला तर २५ अधिक ५ अधिक १०, असे एकरी ४० डॉलर होतात. यातली मेख तुमच्या लक्षात आली असेल. शेतकऱ्याचे पीक चांगले आले तर कापणाऱ्यालाही दोन पैसे जास्त, आणि दुष्काळ पडला तर दोघांच्याही खिशाला चाट. गारपिटीने शेत झोपले तर नुसते डिझेल जाळून पुढच्या मुक्कामाला जायचे.

असो. आपल्याला घरात जायचे आहे.

हा ताफा रस्त्याने निघतो तेव्हा पुढे मोठ्या ट्रकांवर चढवलेली यंत्रे, त्यांची कापणीची लांबलचक तोंडे सोडवून वेगळ्या ट्रॉलीवर ठेवलेली, आणि या सगळ्याच्या मागे पिकअप गाडीला जोडलेले ते फिरते घर. ती गाडी बऱ्याचदा घरधनीणच चालवते. हे सोपे काम नव्हे. बैलगाडीत मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, आणि पुढे जास्त झाला तर जू बैलांच्या मानेवर बसते, हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक आहे. तिथेही नियम तोच. घराच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या हुकावर आला पाहिजे. तो कमी पडला, म्हणजे जड सामान मागच्या अंगाला भरले, तर वेगात घर शेपटीसारखे डावी-उजवीकडे हलू लागते आणि ओढणाऱ्या गाडीलाही उलथवते. म्हणून निघताना पिठाच्या गोण्या, डबाबंद फळे, हत्यारांची पेटी कुठे ठेवायची, याचा विचार त्या बाईला एखाद्या जुन्या गाडीवानासारखा करावा लागतो. आपल्या उसाच्या आणि कडब्याच्या ट्रॉल्या भरणाऱ्यांनी हे एकदा जरूर मनावर घ्यावे, एवढे जाता जाता सांगतो.

घरात पाण्याच्या तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, दुसरी भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याची, तिसरी संडासाची. पहिली भरायची आणि उरलेल्या दोन ठरवून दिलेल्या जागी रिकाम्या करायच्या. वाटेल तिथे सोडून चालत नाही. मुक्काम कधी छोट्या गावाच्या जत्रेच्या मैदानावर, कधी शेतकऱ्याच्याच अंगणात. तिथे वीज आणि नळ जोडला की संसार सुरू.

आणि संसार तरी केवढा! नवराबायको, मुले आणि पाच-सात गडी. हे गडी आता बऱ्याचदा दक्षिण आफ्रिकेतून हंगामी परवान्यावर आलेले तरुण असतात. सकाळी दव उडाल्यावर यंत्र शेतात शिरते ते रात्री काड ओलसर होऊन चिवट होईपर्यंत, कधी कधी मध्यरात्रीपर्यंत, चालते. म्हणून रात्रीचे जेवण घरी होतच नाही. आपल्याकडे भाकरीची पाटी डोक्यावर घेऊन बाई शेतावर जाते, तशी ती गाडीत भांडी घालून शेतावर जाते. पिकअपचे मागचे फळकूट खाली पाडले की तेच पाटावर वाढणे. एक यंत्र थांबते, जेवते, मग दुसरे.

जूनमधला त्या मुलखातला खरा शत्रू म्हणजे चक्रीवादळ. मे आणि जून हे त्याचे जोराचे महिने, आणि कापणीचा हंगाम नेमका तेव्हाच. चाकांवरचे घर अशा वादळात सर्वांत धोक्याची जागा. त्याला पाया नसतो. म्हणून प्रत्येक नव्या मुक्कामावर सामान लावण्याच्या आधी, गावात तळघर कुठे आहे, हे विचारून ठेवणे शहाणपणाचे असते. भोंगा वाजला की शिजते अन्न गॅस बंद करून टाकायचे, मुलांना उचलायचे आणि निघायचे. नवरा तेव्हा दहा मैलांवर शेतात असतो.

मुलांच्या शाळेचे काय, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तिथल्या शाळा साधारण मेअखेरीस सुटतात आणि ऑगस्टमध्ये भरतात. अमेरिकेच्या सर्व राज्यांत मुलांना घरी शिकवण्याची कायद्याने मोकळीक आहे, त्यामुळे काही आया फिरत्या घरातच जेवणाच्या मेजावर पाटी-पुस्तक मांडतात. बाकीच्यांची मात्र ऑगस्टमध्ये ताटातूट होते. आई मुलांना घेऊन गावाकडे वळते आणि बाप उत्तरेचा गहू काढायला पुढे जातो. त्यानंतर मका, सोयाबीन. कित्येकदा तो घरी येईपर्यंत थंडी पडलेली असते.

इथे आपल्या बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांची आठवण होणे साहजिक आहे. तीही दिवाळीच्या सुमाराला संसार गाडीत घालून निघतात, मुलांची शाळाही तशीच अर्ध्यावर सुटते. पण दोन्ही एकाच मापाने मोजू नयेत, असे मला वाटते. तिथे यंत्र कुटुंबाच्या मालकीचे, दर ते स्वतः ठरवतात आणि मुक्कामाला नळ असतो. आपल्या जोडप्याच्या मालकीचा फक्त कोयता. अंगावर मुकादमाची उचल, राहायला पाचटाची कोपी, आणि आंघोळीला आडोसा नाही म्हणून बाई पहाटे अंधारात उठते. तिकडच्या बाईला निदान दाराला कडी आहे.

हंगाम संपून फिरते घर गावी आले की पहिले काम म्हणजे सगळ्या नळ्या आणि टाक्या रिकाम्या करणे. थोडे जरी पाणी आत राहिले तर थंडीत गोठून नळी फुटते. गाद्या बाहेर काढतात, कपाटे झटकतात, उंदीर शिरू नयेत म्हणून भोके बुजवतात. तिकडे टेक्सासात तोवर पुढच्या सालचा गहू पेरून हिरवा झालेला असतो.