छताचे पोपडे

परवा पुतण्याच्या कारखान्यावर गेले होते. कारखाना कसला, दोन खोल्या. मागे चिवडा करतात, पुढे पाकिटं भरतात. सहज वर पाहिलं, तर भरायच्या टेबलावरच छताच्या रंगाचे पोपडे लोंबत होते.

"अरे, हे काय?"

"काकू, दिवाळीची ऑर्डर जाऊ दे, मग रंगाचा एक हात मारून घेतो."

मला हे पटलं नाही. छताला, भिंतींना सुटलेला रंग नको, असं अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांतच आहे. नियम राहू द्या, पण पांढरा पोपडा पोह्यांत दिसणार कसा? जुन्या रंगात शिसंही असू शकतं.

आणि नुसता हात मारून काय होणार? गच्ची गळते की कढईची वाफ छताला लागते, ते आधी शोधायला हवं. मग माल हलवायचा, सुटलेला रंग काढायचा, खोली स्वच्छ करायची, छत वाळू द्यायचं आणि मगच रंग. तोवर भरणं बंद.

"आठ बायकांचा रोज बुडेल, काकू."

हा मुद्दा खरा. पण त्यांचा रोज का बुडावा? छत मालकाचं, तेव्हा त्या दिवसांचा रोजही मालकानंच द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तसं सांगितलं, तर तो गप्प झाला.

निघताना त्यानं नातवासाठी दोन पाकिटं दिली. घरी आल्यावर ती फोडायला माझा हात धजला नाही. तेही त्याला फोनवर सांगितलं. रागावलाय. घरची मंडळी हे वाचतीलच. त्यांनीच सांगावं, माझं काय चुकलं?