चुन्याची निवळी आणि हाताची थाप

मेक्सिकन जेवण म्हणजे वितळलेल्या चीजखाली दडलेल्या कुरकुरीत चकत्या, अशी माझी समजूत होती. ती मोडली वाहाका शहराहून मितला गावाकडे जाताना, रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडखाली. दोन बाकं, एक चूल आणि चुलीवर मातीचा मोठा तवा. तिकडे त्याला कोमाल म्हणतात.

तव्यामागची बाई ओल्या पिठाचा गोळा तळहातावर थापत होती. ती थाप कानावर पडली आणि मला आईची चूल आठवली. जाडसर भाकरी भाजायची, वरून चिमटे काढायचे, काळ्या घेवड्याचं वाटण फासायचं, त्यावर ताजं पांढरं चीज कुस्करायचं. ही मेमेला. डुकराची चरबी लावू नका, एवढं लेकीनं स्पॅनिशमध्ये सांगितलं. घेवड्यात अव्होकाडोची पानं होती, त्यांचा बडीशेपेसारखा वास. सोबत दगडी खलात ठेचलेली भाजक्या टोमॅटोची चटणी. ज्या मिरचीवाचून आपलं पान हलत नाही, ती पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली ती याच मुलखातून निघून. मी तीन मेमेला खाल्ल्या.

पण खरी गोष्ट आदल्या रात्रीची आहे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी चोळून धुवायचा आणि ओलाच दळायचा. चुन्यामुळे पीठ थापण्याजोगं होतं आणि मक्यातलं नायसिन अंगी लागतं. युरोपानं मका नेला, चुना मागेच राहिला. मग निव्वळ मक्यावर जगणाऱ्या इटलीतल्या गोरगरिबांना पेलाग्रानं गाठलं. मितलाजवळच्या एका गुहेत सुमारे सव्वासहा हजार वर्षांपूर्वीची मक्याची कणसं सापडली आहेत. मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला २०१० साली युनेस्कोनं मानवजातीचा वारसा ठरवलं.

मी हे सारं भारावून सांगत होतो. सौ. शांतपणे म्हणाली, ''तुम्हाला चव लागली. मला तिची पाठ दिसली.''

मी गप्प झालो. बँकेत जन्म गेला, पण रात्रीचं जागरण, धुरानं चुरचुरणारे डोळे, अवघडलेली पाठ कुठल्या खात्यावर नावे टाकायची, हे मला कधी सुचलं नव्हतं. पस्तीस वर्षं घरी गरम भाकरी खाल्ली, तेव्हाही नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. 'अस्सल' चवीचं कौतुक करताना तिची किंमत कोण मोजतं ते पाहावं. वातानुकूलित हॉटेलात बिलाकडे न बघणारे आपण, हातावर भाकरी थापणाऱ्या बाईशी रुपया-दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. तिची लेक उद्या तयार पिठाचं पाकीट आणील, तेव्हा संस्कृती बुडाल्याचा गळा काढण्याचा अधिकार आपल्याला नाही. वारसा टिकावा असं वाटत असेल तर त्याचा पुरता दाम द्यावा. आणि घरात ती थाप ऐकू येत असेल, तर अधूनमधून आपलेही हात पिठात घालावेत.

परतल्यावर मी भाकरी शिकायला बसलो. अजून काठ फाटतात. सौ. न बोलता खाते.