मागे जायला नेट कशाला लागतं?

एकदा उघडून वाचलेलं पान परत पाहायला पुन्हा नेट लागत असेल, तर ब्राउझर लिहिणारा आणि साइट बनवणारा, दोघांनी मिळून वाचकाच्या खिशात हात घातला आहे. मी अमडापुरात बसून एक टेक्स्ट ब्राउझर लिहितो आहे. चित्र नाही, व्हिडिओ नाही, काळ्या पडद्यावर नुसता मजकूर. त्यात टॅब, हिस्टरी आणि कॅश (आणलेल्या पानांचा साठा) ही कामं करताना जे दिसलं त्यावरून हे म्हणतो आहे, आणि यातला एकही शब्द मऊ करणार नाही.

चिखली-खामगाव रस्त्यावरचं आमचं गाव. रेंज असते, पण पावसाळा लागला की तिचा भरवसा नसतो. खरिपाच्या दिवसांत इथल्या एका सेवा केंद्रात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा फॉर्म भरून होत आला होता. नाव, गट नंबर, पेऱ्याचं क्षेत्र, बँकेचा कोड. आधीच्या पानावर गट नंबर बरोबर पडला का हे पाहायला केंद्रातल्या पोराने मागे जायचं बटण दाबलं. पडदा पांढरा झाला, चक्र फिरत राहिलं आणि सेशन संपल्याची पाटी आली.

"काका, सारं गेलं. अजून भरा लागते."

"अरे बापू, आत्ताच त भरलं होतं ना!"

मागे दारापर्यंत रांग लागलेली.

काकांचं म्हणणं बिनतोड आहे. ते भरलेलं त्याच संगणकाच्या मेमरीत होतं. पोर्टल बांधणाऱ्याने पानापानाला 'नो-स्टोअर' म्हणजे 'साठवू नका' असा हुकूम चिकटवला होता आणि ब्राउझरने वाचकाकडे ढुंकूनही न पाहता तो पाळला. तंत्रज्ञानाची अडचण इथे कुठेच नव्हती. निष्काळजीपणा होता, आणि त्याची किंमत रांगेतल्या माणसांनी मोजली.

हा प्रश्न नवा असता तर मी गप्प बसलो असतो. पण जून १९९९ मध्ये एचटीटीपी १.१ चा आरएफसी २६१६ हा दस्तऐवज निघाला, तेव्हाच त्यात लिहून ठेवलं होतं की हिस्टरी वेगळी आणि कॅश वेगळी. कॅशने ताजं-शिळं बघायचं. हिस्टरीने वाचकाने त्या वेळी जे पाहिलं तेच जसंच्या तसं दाखवायचं, मग मूळ पान आज बदललेलं का असेना. २०२२ च्या आरएफसी ९१११ मध्येही हेच आहे: मुदत संपलेलं पान हिस्टरी खुशाल दाखवू शकते. फायरफॉक्सने २००५ साली, १.५ या आवृत्तीत, मागचं पान आहे तसं मेमरीत धरून ठेवायची सोय दिली. क्रोम आला २००८ मध्ये, बघता बघता जगभर पसरला, आणि डेस्कटॉपवर हीच सोय त्याने २०२१ मध्ये दिली. तेरा वर्षं! आपल्याकडे मोजूनमापून डेटा वापरणाऱ्या माणसाने मागे जायचं बटण दाबलं की पान पुन्हा मांडलं जायचं, आणि जे साठवलेलं नाही ते पुन्हा ओढलं जायचं. यावर कुणी आरडाओरड केली नाही, कारण ब्राउझर बनवणाऱ्यांच्या टेबलावर नेट कधी जात नाही.

टेक्स्ट ब्राउझरांनी हे फार आधी नीट केलं होतं. लिंक्स हा १९९२ साली कॅन्सस विद्यापीठात लिहिलेला ब्राउझर अलीकडची काही पानं मेमरीत धरतो. त्याला टॅब मात्र नाहीत. जपानच्या अकिनोरी इतो यांनी १९९५ च्या सुमारास लिहिलेल्या डब्ल्यूथ्रीएममध्ये प्रत्येक पान हा एक बफर असतो. कॅपिटल बी दाबा, वरचं पान जातं आणि खालचं जसं होतं तसं समोर येतं. नेटचा संबंधच नाही. त्यात टॅबही आहेत. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा शेल खात्यावर, म्हणजे नुसत्या मजकुराच्या जोडणीवर, मुंबई-पुण्याच्या पोरांनी वेब पाहिलं ते अशाच ब्राउझरांतून, रडतखडत चालणाऱ्या डायल-अपवर. साधनं तुटपुंजी होती म्हणून लिहिणाऱ्यांनी विचार केला. आज साधनं मुबलक आहेत आणि विचार नाही.

मी काय केलं ते सांगतो. प्रत्येक टॅबची हिस्टरी स्वतंत्र ठेवली, कॅश मात्र सगळ्या टॅबांची एकच. एका टॅबमध्ये आणलेलं पान दुसऱ्यात उघडलं तर ते डिस्कवरूनच येतं. मागे जाऊन नवी लिंक उघडली की बहुतेक ब्राउझर पुढची जुनी वाट पुसून टाकतात. मी ती फांदी म्हणून ठेवतो. मागे जाताना नेटला हात लावायचा नाही, हा नियम. ताजं पान हवं असेल तर त्याला वेगळी कळ आहे. ती दाबली की ब्राउझर सर्व्हरला ईटॅग, म्हणजे पानाच्या आवृत्तीची खूण, दाखवून एवढंच विचारतो, बदललं का? नसेल बदललं तर ३०४ हे उत्तर येतं, मजकूर पुन्हा येत नाही.

आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर ते कधी आणलं ती तारीख-वेळ. चिखली बाजार समितीतला सोयाबीनचा कालचा भाव कालचा म्हणूनच दिसला पाहिजे. नेट गेलं तर कोरा पडदा दाखवण्यापेक्षा तारखेसकट जुना भाव दाखवावा. सर्व्हर कोलमडला तर जुनी प्रत दाखवायची परवानगी २०१० पासून आरएफसी ५८६१ मध्ये आहे. किती साइट ती देतात, शोधून पाहा.

'नो-स्टोअर' अजिबात नको असं माझं म्हणणं नाही. सेवा केंद्राच्या संगणकावर एकाचं आधार कार्ड दुसऱ्याला दिसणं हा गुन्हाच. तसली पानं मी डिस्कवर उतरवत नाही; टॅब उघडा असेपर्यंत मेमरीत धरतो आणि बंद होताच पुसतो. पण शासन निर्णय, भरतीची जाहिरात, ग्रामसभेची नोटीस यांच्यात लपवण्यासारखं काय आहे? सार्वजनिक कागदाला तिजोरीचं कुलूप लावणारा अभियंता सुरक्षिततेचं काम करत नाही, तो आळशीपणा करतो.

मराठीचा एक त्रास वेगळाच. 'शेतकऱ्यांसाठी' या शब्दातला 'ऱ्यां' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. दिसायला सारखा, आतले आकडे निराळे. त्यामुळे हिस्टरीत शब्द शोधला तर अर्धी पानं सापडतच नाहीत. दोन्ही रूपं एक करून शोधायला थोडाच कोड लागतो. मोठ्या कंपन्यांना आपल्या भाषेसाठी तेवढाही वेळ काढावासा वाटत नसेल तर तो आपण काढायचा.

"टेक्स्ट ब्राउझर वापरतं कोण?" असं मला तोंडावर विचारतात. टी. व्ही. रामन यांचं नाव ऐका. पुण्यातले, पुणे विद्यापीठात गणित शिकले, पुढे आयआयटी मुंबई आणि कॉर्नेल. चौदाव्या वर्षी दृष्टी गेली. १९९५ मध्ये त्यांनी ईमॅकस्पीक हे मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर जगाला दिलं आणि त्यातून टेक्स्ट ब्राउझरच्या आधारे वेब ऐकलं. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ज्या पानातून स्क्रिप्ट काढली की एक ओळही उरत नाही, ते पान या हक्काच्या आड येतं. आणि वजनाचं म्हणाल तर, हजार शब्दांचा मराठी लेख, अक्षरामागे तीन बाइट धरले तरी वीसेक केबीत मावतो. तोच लेख दोन एमबीच्या ओझ्याखाली गाडून पाठवणं म्हणजे वाचकाचा डेटा जाळणं.

शेगाव-चिखलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या पोरांनो, शेवटच्या वर्षाला तेच ते हजेरीचं अ‍ॅप पुन्हा बनवू नका. आपल्या जिल्ह्याच्या कामाची कोणतीही साइट डब्ल्यूथ्रीएममध्ये उघडा, दोन-तीन पानं पुढे जा, वायफाय बंद करा आणि मागे या. नंतर तीच साइट तुमच्या रोजच्या ब्राउझरमध्ये तशीच चालवून पाहा. जिथे अडेल तिथला 'नो-स्टोअर'सारखा हुकूम देणारा हेडर लिहून घ्या आणि त्या खात्याला लेखी कळवा. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका.