पोराच्या हाताला झेपेल अशीच बॅट हवी

ऊस तुटून गेला की भीमाकाठची रानं काही दिवस मोकळी होतात. मग मांडवगण फराट्यापासून नदीपलीकडे दौंडच्या हद्दीपर्यंत जिथे सपाट जागा सापडेल तिथे पोरांचे स्टंप उभे राहतात. यात्रा-जत्रांच्या दिवसांत टेनिस बॉलच्या स्पर्धा भरतात, शाळाही थोडेफार साहित्य घेतात. पोरं चावडीवर बसण्यापेक्षा मैदानात घाम गाळतात, हे चांगलेच आहे. पण त्यांच्या हातात कोणती बॅट आहे, हे मात्र कोणी बघत नाही. पाचवीतला पोरगा आणि बारावीतला गडी एकच बॅट फिरवतात. लहानग्याला ती दोन्ही हातांनी नीट उचलतासुद्धा येत नाही.

“पोरगं वाढतंय, मोठीच घेऊ, पुढं होईल” हा आपला हिशेब शर्ट-पँटला चालतो, बॅटला चालत नाही. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. खुरपं मुठीत धरून बघितल्याशिवाय आपण बाजारातून आणत नाही. कुऱ्हाडीचा दांडा माणूस बघून बसवतो. नव्या खोंडाच्या मानेवर पहिल्याच दिवशी थोरल्या बैलाएवढं ओझं कोणी टाकत नाही. मग पोराच्या मनगटाचाच विचार का होऊ नये?

क्रिकेटचा कायदा लांबी-रुंदीला मर्यादा घालतो. बॅट ३८ इंचांपेक्षा लांब आणि सव्वाचार इंचांपेक्षा रुंद नको. १७७१ साली इंग्लंडात व्हाइट नावाचा फलंदाज स्टंपांइतकी रुंद बॅट घेऊन उतरला, तेव्हा रुंदीला आळा घालावा लागला. २०१७ पासून जाडी ६७ मिलिमीटर आणि कड ४० मिलिमीटर अशीही मर्यादा आली. वजनाला मात्र कायद्यात बंधन नाही. ते ज्याचे त्यानेच ठरवायचे, आणि आपली चूक होते ती नेमकी इथेच.

लहान मुलांसाठी १ ते ६ नंबरच्या बॅटा मिळतात, त्यापुढे हॅरो आणि मग पूर्ण आकाराची. ढोबळ मानाने साडेचार फूट उंचीच्या पोराला ४ नंबर, पाच फुटांपर्यंत ५ नंबर, सव्वापाच फुटांपर्यंत ६ नंबर, साडेपाच फुटांपर्यंत हॅरो आणि त्यापुढे पूर्ण बॅट बसते. कंपनीगणिक इंच-दोन इंचाचा फरक पडतो, म्हणून पोराला दुकानात सोबत न्यावे. वय सांगून बॅट आणू नये, उंची मोजून आणावी. बॅट पायाशी उभी धरली की मुठीचे टोक कमरेच्या आसपास यावे, छातीकडे जाऊ नये.

वजनाची परीक्षा त्याहून सोपी आहे. पोराने फक्त वरच्या हाताने, म्हणजे उजव्या फलंदाजाने डाव्या हाताने, बॅट सरळ मागे उचलून पुढे आणावी. हात थरथरला किंवा बॅट आडवी झाली तर ती जड आहे. मोठ्यांची लेदर बॉलची बॅट साधारण ११५० ते १३०० ग्रॅमची असते. ती बारा वर्षांच्या पोराच्या हाती दिली की खालचा हात जोर लावतो, बॅट सरळ येण्याऐवजी आडवी येते, आणि चेंडू पोचला तरी बॅट पोचत नाही. ही खोड एकदा जडली की मोडता मोडत नाही. जड बॅटने चेंडू लांब जातो हे अर्धेच खरे आहे. चेंडू लांब जायला बॅटीचा वेगही लागतो, आणि न झेपणाऱ्या बॅटीला वेग येत नाही. सचिन तेंडुलकर जड बॅट वापरायचा म्हणून ती आपल्या पोरालाही शोभेल, असे नाही.

शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल आणि बेसबॉलही आहेत. त्या बॅटांवर लांबी इंचांत आणि वजन औंसांत छापलेले असते. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. बॅट एका हाताने बाजूला सरळ धरून वीस-तीस सेकंद ठेवता आली तर ती झेपते. हात आधीच खाली आला तर हलकी घ्यावी.

आता पैशाचा प्रश्न. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत क्रीडा साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५ हजार, उच्च प्राथमिकला १० हजार आणि माध्यमिकला २५ हजारांपर्यंत तरतूद ठेवली गेली. रक्कम मोठी नाही, म्हणूनच ती नीट खर्च व्हायला हवी. एका मापाच्या चार बॅटा घेऊन पावती जोडली की कागद पुरा होतो, पण वर्गातली निम्मी पोरं बाजूला उभी राहतात. त्याऐवजी ४ नंबर, ६ नंबर, हॅरो आणि पूर्ण अशा चार मापांच्या बॅटा घेतल्या तर तेवढ्याच संख्येत सगळ्यांना खेळता येईल. शाळा व्यवस्थापन समितीने खरेदीआधी मुलांची उंची मोजावी. सरपंचांनी आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनी मंडळांना साहित्य देताना हाच नियम ठेवावा.

यात मुलींचा विचार पहिला व्हावा. सांगलीत खेळ शिकलेली स्मृती मानधना ज्या संघात होती, त्या भारतीय महिला संघाने २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. आपल्या गावच्या मुलीही आता बॅट मागतील. तेव्हा त्यांच्या हातात थोरल्या भावाची जुनी, जड बॅट द्यायची आणि “तुला नाही जमायचं” म्हणायचं, हा न्याय नव्हे. तिला जमत नाही की बॅटच तिच्या मापाची नाही, एवढे तरी आधी तपासावे. नव्या हंगामाची खरेदी होण्यापूर्वी शाळेत एक मोजपट्टी आणि एक वजनकाटा काढला, तर हे काम अर्ध्या दिवसात उरकेल.